पाट बांधला, पण पाटकरी कोठें आहे?

नदीवर बंधारा घालावयाचा म्हटलें म्हणजे नारळ फोडणाऱ्यांची वानवा पडत नाहीं. पुढारी येतात, ठेकेदार येतात, फोटो निघतात, कोनशिला बसते, पेढे वांटले जातात. पुढें त्याच बंधाऱ्याच्या पाटांत गाळ सांचतो, दार गंजतें, चारी फुटते आणि पाणी वरच्या चार शेतांतच जिरूं लागतें. तेव्हां मात्र तिकडे ढुंकून पाहणारा कोणी सांपडत नाहीं. बांधण्यास पैसा आहे, राखण्यास नाहीं. कोनशिलेवर नांव कोरून घेण्यास पुष्कळ पुढें येतात, पाटावर रात्र काढण्यास कोणी येत नाहीं.

आमचें आजचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, पाण्याचें कोणतेंही सार्वजनिक काम तें पाणी रोज वांटणाऱ्या माणसावर आणि त्या माणसाला पोसणाऱ्या पंचायतीवर जगतें. हीं दोन नसलीं तर कितीही सिमेंट ओता, तें काम दहा पावसाळ्यांचें धनी. हें आम्हीं कोठल्या मोठ्या पुस्तकांतून काढलेलें नाहीं. आमच्या खानदेशांतील नद्यांच्या कांठीं कुणब्यांनीं तें तीनचारशें वर्षें चालवून दाखविलें आहे. दुर्दैव एवढेंच कीं, ज्यांच्या आज्यांनीं तें चालविलें त्यांच्या नातवांना आज त्याची आठवण राहिलेली नाहीं. आणि ज्यांना आठवण आहे ते ‘जुनें झालें’ म्हणून हात झटकतात.

इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठीं ही व्यवस्था काय आहे तें आधीं सांगितलें पाहिजे. साक्री तालुक्याच्या पश्चिमेस डोंगरांत पाऊस चांगला पडतो. तोच पाऊस धुळें, शिंदखेड्याकडे येतां येतां रोडावतो. पिंपळनेराकडून निघालेली पांझरा साक्रीवरून, धुळें शहराच्या मधून जाऊन उत्तरेस वळते आणि मुडावदाजवळ तापीला मिळते. वाटेंत तिला जामखेली आणि कान या नद्या येऊन मिळतात. डोंगरांत पडलेलें पाणी कोरड्या मुलुखांतून वाहून जातें; तें वाटेंत अडवून शेतांत घेतलें तरच पोट भरेल, हें ज्या शेतकऱ्याला प्रथम उमगलें त्याचें नांव कोणत्याही बखरींत नाहीं. त्यानें आणि त्याच्या भाऊबंदांनीं नदीच्या पात्रांत दगडचुन्याचे बंधारे घातले, एकाखालीं दुसरा, दुसऱ्याखालीं तिसरा. पांझरेवर, कानेवर, बुराईवर, आणि पलीकडे नाशिक जिल्ह्यांत मोसम व आरम या नद्यांवर असे बंधारे झाले. त्यांवरील कांहीं थळें आजही तग धरून आहेत, पुष्कळ मोडलीं. या व्यवस्थेस फडपद्धती म्हणतात.

बंधाऱ्यापासून पाट निघतो. तो दोन किलोमीटरांपासून बारा किलोमीटरांपर्यंत लांब असतो. पाटापासून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांपासून सारंग निघून पाणी शेतांत जातें, आणि जादा झालेलें पाणी सांडमांतून पुन्हां नदीस जातें. एका बंधाऱ्याच्या पाण्याखालीं येणारी सारी जमीन म्हणजे त्याचें थळ. या थळाचे बहुधा चार भाग करतात. त्या प्रत्येकास फड म्हणावयाचें. लहान फड दहा हेक्टरांचा, मोठा दोनशें हेक्टरांपर्यंतचा. एका फडांत त्या वर्षीं एकच पीक. एकांत ऊस असला तर दुसऱ्यांत हंगामी पिकें, आणि एखादा फड पडीत. पुढल्या वर्षीं फेरपालट. कोणत्या फडांत काय लावावयाचें हें सर्वांनीं बसून ठरवावयाचें. एकट्याच्या मर्जीचा प्रश्न नाहीं. त्यामुळें जमिनीस विसांवा मिळे, पाणथळ होऊन ती खारावण्याचें भय कमी होई, आणि एका शेताच्या उसाचें पाणी झिरपून शेजारच्याचा हरभरा कुजला असें भांडण उरत नसे.

आतां यांतील खरी खुबी पाहा. बहुतेक शेतकऱ्यांची जमिनीची पट्टी जवळ जवळ प्रत्येक फडांत असे. म्हणजे कोणी कायमचा वरचा नाहीं आणि कोणी कायमचा शेपटाचा नाहीं. पाऊस कमी झाला, नदीस पाणी थोडें आलें, तर पंच एक फड कमी करीत, प्रसंगीं दोन कमी करीत. जो फड कोरडा ठेवला त्यांत पाटलाचीही पट्टी असे आणि दोन बिघ्यांच्या धन्याचीही असे. टंचाई आली ती सर्वांच्या ताटांत थोडी थोडी आली. हल्लींच्या कालव्यांवर काय होतें? पाणी कमी आलें म्हणजे वरच्याचा ऊस भिजतो आणि शेवटच्याचा गहू करपतो. आणि शेवटचा बहुधा तोच असतो ज्याला कचेरींत ओळख नाहीं. ज्या लोकांना शहाणे लोक अडाणी म्हणत आले, त्यांनीं दुष्काळाची वांटणी कशी करावी याचा तोड काढला होता. विद्वानांच्या सभांतून समतेचीं व्याख्यानें पुष्कळ होतात. पण स्वतःच्या उसाचा फड शेजाऱ्याबरोबर कोरडा ठेवणें ही समता कुणब्यानें पाळून दाखविली.

पण हें सारें आपोआप चालत नव्हतें. आमचा मुद्दा येथेंच आहे. या व्यवस्थेचे नोकर ठरलेले असत. पाटकरी पाणी धरी, हवालदार पाटकऱ्यांवर देखरेख ठेवी, जागल्या उभ्या पिकाची राखण करी. फडांत शेतकऱ्यानें स्वतः दारें धरावयाचीं नाहींत, हा नियम होता. शेत कोणाचें, धनी श्रीमंत कीं गरीब, सोयरा कीं परका, हें पाटकऱ्यानें पाहावयाचें नाहीं. पाळी शेताच्या क्रमानें पुढें जावयाची. त्याला धान्याच्या रूपानें मेहनताना मिळे आणि तो ज्याचें त्याचें शेत किती यावर बसविलेला असे. पाट साफ करावयाचा झाला म्हणजे ज्याचें पाणी त्याचें माणूस कुदळ-पाटी घेऊन हजर.

हें काम केवढें जोखमीचें आहे हें आम्ही शाळेंतल्या पोरांना गणित घालून दाखवितों. अशा पाटाची वाहण्याची शक्ति सेकंदास सुमारें ४५० लिटर धरतात. चोवीस तासांचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला तर एका दिवसाचें पाणी झालें ३ कोटी ८८ लाख ८० हजार लिटर. जलजीवन मिशनानें माणशीं रोजचें पिण्या-वापरण्याचें पाणी ५५ लिटर धरलेलें आहे. त्या मापानें भरून चाललेला एक पाट एका दिवसांत सात लाख माणसांपुरतें पाणी वाहून नेतो. एवढें पाणी ज्याच्या फावड्याच्या एका फटक्यानें इकडचें तिकडे होतें, तो पाटकरी! त्याला आम्ही काय देतों? बंधाऱ्याच्या दुरुस्तीला लाखोंचे अंदाजपत्रक निघतें आणि पाटकऱ्याच्या पोराला वही घ्यावयास पैसे नसतात. मग तो पोरगा सुरतेस नाहीं तर पुण्यास कामाला जातो, पाटावर म्हातारा एकटा राहतो, आणि म्हातारा गेला म्हणजे फड मोडतो. त्याच्याबरोबर कोणत्या चारीला किती वेळ लागतो, कोणती जमीन किती पाणी पिते, हें पिढ्यान्‌पिढ्यांचें ज्ञानही जातें. तें कोणत्याही कागदावर उतरवून घेतलेलें नसतें.

फड मोडण्याचीं कारणें आणखीही आहेत आणि तीं लपविण्यांत अर्थ नाहीं. पहिलें कारण वरचीं धरणें. पांझरेवर लाटीपाडा, कानेवर मालनगांव, जामखेलीवर जामखेली, आणि पुढें पांझरेवरच अक्कलपाडा. धरणें वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. अक्कलपाड्याच्या पाण्याची धुळें शहराला गरज आहे. तेथील मायबहिणींनींही घागर घेऊन उन्हांत किती हिंडावें? परंतु पूर्वीं नदी वाहती असे तोंपर्यंत बंधाऱ्याचें पाणी बंधाऱ्याचें असे. आतां तें धरणांत अडतें, आणि खालच्या बंधाऱ्यास सरकारी आवर्तनाची वाट पाहावी लागते. आवर्तन कधीं सुटेल हें ठरविणाऱ्या बैठकींत पंचांचा आवाज किती? फडाचा सारा संसार पेरणीआधीं पाण्याचा अंदाज घेण्यावर उभा. तो अंदाजच दुसऱ्याच्या हातीं गेल्यावर कोणता फड राखावा आणि कोणता सोडावा हें पंच काय ठरविणार?

दुसरें कारण आमचेंच. वीज आली, मोटारी आल्या, विहिरी खोल गेल्या. ज्याच्याजवळ पैसा त्यानें आपली विहीर केली आणि पंचायतीस रामराम ठोकला. त्याला आतां एका फडांत एक पीक नको. त्याच्या पट्टींत तो वाटेल तें लावणार. एक उठला म्हणजे दुसरा उठतो. पाटाचें पाणी झिरपून विहिरी भरत, हें मात्र कोणी ध्यानांत घेतलें नाहीं. पाट कोरडा पडला तशा विहिरीही आटल्या, मग पांचशें फूट बोअर, मग सातशें फूट, मग सावकार. सामाईक पाण्यांतून जो एकटा पळाला तो आधीं कर्जांत बुडाला, असें दृश्य आम्हीं एकाहून अधिक गांवीं पाहिलें आहे.

तिसरें कारण मनाचें आहे, आणि तें सगळ्यांत जुनें. १८७९ च्या मुंबई इरिगेशन कायद्यानें सरकारला जाहीरनामा काढून नदीचें पाणी कालव्याच्या कामीं लावण्याचा अधिकार मिळाला आणि पाण्याचा धनी कॅनॉल ऑफिसर झाला. तेव्हांपासून पाणी म्हणजे सरकारचें, ही समजूत रुजली. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत ओढ्यानाल्यांना ताली व बंधारे घालून पाणी जिरवावें असा आग्रह आहे, आणि पाण्याचा दर घेऊन वेळेवर पाणी न देणाऱ्या पाटबंधारे खात्यावर कोरडेही आहेत. फुल्यांचा तो फटका खात्यावर होता; पण आज त्यांतला अर्धा आमच्या पाठीवर बसावयास हवा. आमच्या खानदेशांत एक बोल पडून गेला आहे, ‘आपले काय करनं शे, सरकार करी!’ हा बोल ज्या गांवांत शिरला त्या गांवाचा पाट गेला म्हणून समजावें.

येथें कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही जुन्याचे भाट झालां. तसें नाहीं. फडाचे दोष आम्हांस दिसतात आणि ते स्पष्ट बोललेच पाहिजेत. फडाची पंचायत ही जमीनवाल्यांची पंचायत. ज्याच्या नांवावर थळांत तसूभर जमीन नाहीं, त्याला तींत जागा नाहीं. जागल्यानें रात्रभर पीक राखावें, पण सभेंत त्यानें तोंड उघडूं नये. मजूर बाईनें चिखलांत ऊस लावावा, निंदावा, पण पाण्याचा निर्णय तिच्या घरच्या पुरुषानेंही नव्हे, मालकाच्या घरच्या पुरुषानें करावा. आणि पाण्याच्या बाबतींत आमच्या समाजाचें पाप याहून मोठें आहे. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे करण्याचा ठराव मुंबईच्या कौन्सिलांत १९२३ च्या ऑगस्टांत पास झाला, तरी महाडच्या तळ्याचें पाणी पिण्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं बाबासाहेब आंबेडकरांना लोकांस घेऊन चालत जावें लागलें, आणि त्याबद्दल लोकांनीं मार खाल्ला. त्या काळीं ‘सार्वजनिक’ या शब्दांत कोण बसतें हें वरचे लोक ठरवीत. म्हणून आम्ही जुनी फडपंचायत जशीच्या तशी मागत नाहीं. पाणी सर्वांचें तर पंचायत सर्वांची. पाटावर भूमिहीनाचा, जागल्याचा, स्त्रीचा आवाज नसेल तर ती पंचायत नव्हे. ती चार सोयऱ्यांची बैठक होय.

शेतीच्या पाण्यावरून आतां पिण्याच्या पाण्याकडे येऊं, कारण रोग तोच आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजीं जलजीवन मिशनाची घोषणा झाली. घरोघर नळ देण्याचा हेतु उत्तम. त्याला नांवें ठेवणारा करंटा. गांवोगांव टांक्या उभ्या राहिल्या, खड्डे खणले गेले, निळे पाइप पुरले गेले. पण टांकीवर मोटार चालवावयास कोण? वॉल्व्ह फिरवावयास कोण? त्याला पगार कोण देतो, आणि शेवटचा कधीं दिला? हें विचारलें कीं सरपंच ग्रामसेवकाकडे पाहतो आणि ग्रामसेवक छताकडे पाहतो. पाणीपट्टी भरावयाची नाहीं, वीजबिल थकावयाचें, मोटार जळावयाची, आणि उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावयाची, असा क्रम बसून गेला आहे. ज्या गांवीं नळवाल्याला सहा सहा महिने पैसा मिळत नाहीं, त्या गांवीं नळाला पाणी यावें कोणत्या हिशेबानें?

जळगांवकडील गिरणाकांठ पाहा. तेथें ही गोष्ट अधिक उघडी दिसते. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यांत नांदगांव तालुक्यांत. पाणी पिणारीं गांवें खालीं चाळीसगांव, भडगांव, पाचोरा अशा तालुक्यांतून नदीच्या दोहों कांठांस पसरलेलीं. कित्येक गांवांच्या पिण्याच्या विहिरी नदीच्या पात्रांतच आहेत. उन्हाळ्यांत धरणांतून पिण्याचें आवर्तन सुटतें, नदी चार दिवस वाहते, विहिरी भरतात. पण वरच्या कांठावरच्या मोटारींनीं तें पाणी उसाकेळीला ओढलें, तर खालच्या गांवाच्या हंड्यांत काय पडणार? मग विजेच्या तारा तोडा, पोलीस बसवा, असे उपाय चालतात. त्यांत वाळूचोरांनीं पात्र खरवडून नेलें तेथें पाणी धरून ठेवणारी वाळूच उरत नाहीं. एका नदीवर बसलेलीं हीं सारीं गांवें खरें म्हणजे एकच थळ आहे. पण त्या थळाला पंच नाहींत, पाटकरी नाहीं, पाळीपत्रक नाहीं. पांझरेकांठच्या निरक्षर कुणब्यानें एका बंधाऱ्यापुरतें जें साधलें, तें सुशिक्षित गिरणाकांठाला आज साधत नाहीं, याची लाज कोणाला वाटावी?

आतां आक्षेपकांकडे वळूं. एक म्हणतो, ‘खेड्यांत तट आहेत, भाऊबंदकी आहे, पाण्यावरून डोकीं फुटतात. पाणी लोकांच्या हातीं देणें म्हणजे आगींत तेल. इंजिनियर साहेबच बरे.’ या गृहस्थांनीं स्पेन देशांतील व्हॅलेन्सिया शहराकडे पाहावें. तेथें तुरिया नदीवरील कालव्यांच्या शेतकऱ्यांचें पाण्याचें न्यायासन शेंकडों वर्षें चाललें आहे. दर गुरुवारीं दुपारीं बाराला मोठ्या चर्चच्या दारांत पंच बसतात. पंच शेतकऱ्यांनीं निवडलेले. ते स्वतः शेतकरी. ना वकील, ना स्टँप, तोंडीं तक्रार, तोंडीं जबाब, तेथल्या तेथें निकाल. २००९ सालीं युनेस्कोनें त्याची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशांत नोंद केली. त्याच वर्षीं अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषींना अर्थशास्त्राचें नोबेल मिळालें. त्यांनीं स्पेनच्या अशा कालव्यांचाही अभ्यास करून १९९० च्या ग्रंथांत दाखविलें होतें कीं, सामाईक मालमत्ता लोक स्वतः नियम करून, स्वतः राखण ठेवून पिढ्यान्‌पिढ्या टिकवूं शकतात. म्हणजे आमच्या पंचांच्या बैठकींत जें चालत होतें, त्यालाच नोबेलाची मोहर लागली. घरचा देव सोडून परका पुजण्याची आपली संवय. तेव्हां परक्यानें सांगितलें म्हणून तरी ऐका!

इतकें दूर जावयाचें नसेल तर आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत दिंडोरी तालुक्यांतील वाघाड धरणावर जा. १९९० च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनीं कालव्याच्या शेपटाकडील, पाणी न मिळणाऱ्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभारल्या. पाणी मापून घ्यावयाचें, मापून वांटावयाचें, पट्टी वेळेवर भरावयाची. पुढें साऱ्या धरणाच्या कालव्यांवर अशा संस्था होऊन त्यांचा संघ झाला आणि कारभार शेतकऱ्यांच्या हातीं आला. तेथें काय तट नव्हते? भाऊबंदकी नव्हती? होती. पण पाण्याचें माप डोळ्यांना दिसूं लागलें, हिशेब उघडा झाला, म्हणजे भांडणाला खाद्य कमी पडतें. डोकीं बहुधा अंधारांत फुटतात.

दुसरा आक्षेप नव्या मंडळींचा आहे. ते म्हणतात, ‘आतां बंद पाइप आले, ठिबक आलें, बटण दाबलें कीं पाणी. पाटकरी कशाला हवा?’ ठिबकाचें महत्त्व आम्हांस कोणी शिकवूं नये. त्याचा मोठा कारखाना आमच्या जळगांवांतच आहे आणि केळीवाल्यांनीं त्याचें सोनें केलें. परंतु बटण दाबावयास सुद्धां बोट लागतें. वॉल्व्ह बिघडतो, पाइप फुटतो, कोणी आडवी तोटी बसवितो. पाइपांतलें पाणी तर डोळ्यांना दिसतही नाहीं. तेथें चोरी झाली तर पाटापेक्षां उशिरा कळते. यंत्र जितकें बारीक तितका राखणारा अधिक जाणता हवा. तेव्हां पाटकऱ्याला काढूं नका, शिकवा. त्याच्या पोराला पाण्याचें माप, मोटारीची दुरुस्ती, वहीखातें शिकवा आणि तें काम मानाचें करा.

कायदा नाहीं असेंही म्हणतां येत नाहीं. २००५ सालीं महाराष्ट्रांत शेतकऱ्यांनीं सिंचनाचें व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला. पाणीवापर संस्थेला पाणी मापून द्यावयाचें, आणि संस्थेच्या कारभारांत कालव्याच्या वरच्या, मधल्या व शेवटच्या भागांतले प्रतिनिधि घ्यावयाचे, हें त्यांत आहे. जलजीवनाच्या गांवपाणीसमितींत निम्म्या स्त्रिया असाव्या, दुर्बल वर्गांस जागा असावी, हेंही लिहिलेलें आहे. कागदावर सारें आहे. कागदाला पाय फुटावयाचे ते गांवाच्या सभेंतून फुटतात. आणि साक्री तालुक्यांतल्या बारीपाड्यासारख्या आदिवासी पाड्यानें आपलें जंगल आपल्याच नियमांनीं आणि आपल्याच दंडांनीं राखून दाखविलें. त्या पाड्याच्या चैत्राम पवारांना २०२५ मध्यें पद्मश्री मिळाली. पाड्याला जमतें तें गांवाला कां जमूं नये?

म्हणून आमच्या सूचना पांच आहेत.

पहिली. बंधारा असो कीं नळयोजना, पाटकऱ्याचा किंवा नळवाल्याचा पगार हा पहिला खर्च समजावा. तो महिन्याच्या ठरलेल्या तारखेस मिळावा. तो मिळाल्यावांचून पंचांनीं दुसऱ्या कशावरही दमडी खर्चूं नये. सरकारनेंही नवें काम मंजूर करतांना दगडाच्या अंदाजपत्रकाशेजारीं राखणाऱ्याच्या वेतनाचा आंकडा मागावा. तो नसेल तर काम मंजूर करूं नये.

दुसरी. आखाजीला आमच्याकडे सालदाराचें साल ठरतें. त्याच सुमारास गांवानें पाण्याचें साल ठरवावें. पाणी किती, फड कोणते, पिण्यास किती राखावयाचें, पट्टी किती, हें सर्वांसमक्ष बोलावें.

तिसरी. हिशेब शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. मास्तर मंडळींनीं यांत अंग चोरूं नये. वरच्या वर्गांतल्या मुलामुलींकडून पाण्याचें गणित करून घ्यावें. त्यांना भागाकारही येईल आणि गांवाला चोरीही दिसेल.

चवथी. धरणांतून खालच्या बंधाऱ्यांना आणि नदीकांठच्या गांवांना किती पाणी व कधीं, हें पावसाळा संपतांच लेखी ठरावें, आणि ठरविणाऱ्या बैठकींत बंधाऱ्यांचे पंच असावेत. खालच्यांना भीक म्हणून सोडलेलें आवर्तन आम्हांस नको.

पांचवी. पंचायतींत भूमिहीनांना, पाटकरी-जागल्यांना आणि स्त्रियांना बसण्याची व बोलण्याची जागा असावी. सही पुरती बसविलेली बाई आणि मागें उभा असलेला तिचा नवरा, हा तमाशा बंद व्हावा. हंडा ज्याच्या डोक्यावर, पाण्याची अक्कल त्याला अधिक.

यांत अशक्य असें काय आहे? पैसा पाहिजे तो बंधाऱ्याच्या एका कोनशिलेच्या समारंभास लागतो त्याहून फार नाहीं. पाहिजे तें एवढेंच कीं, पाणी आपलें आहे आणि त्याचा बोजाही आपला आहे, हें गांवानें मान्य करावें. अधिकार हवा आणि कुदळ नको, असें चालणार नाहीं.

शेतकरी बंधुभगिनींनो, पुढच्या वेळीं कोणी पुढारी तुमच्या गांवीं नव्या बंधाऱ्याचा किंवा नव्या टांकीचा नारळ फोडावयास येईल, तेव्हां त्याला हार घाला, चहा पाजा, आणि मग उभे राहून तीनच प्रश्न विचारा. याचा पाटकरी कोण? त्याला महिना काय मिळणार? तो पैसा कोणत्या पेटींतून निघणार? तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं तर टाळ्या वाजवा. न मिळालीं तर नारळ तसाच त्याच्या हातीं परत द्या.